बाळापूरच्या उन्हात हिरवा इग्वाना

विकला जातो तेव्हा हिरवा इग्वाना हा सरडा वीतभर असतो, आणि त्यातही निम्म्याहून अधिक शेपूटच. पोपटी रंग, गळ्याखाली इवलीशी झालर, पाठीवर नुकते उगवू लागलेले मऊ काटे आणि प्रत्येक हालचालीकडे रोखून बघणारे डोळे. पाहणारा हरखतो आणि काचेच्या पेटीसकट पिल्लू घरी येतं. तीन-चार वर्षांत ते चार फुटांच्या पुढे जातं. नर पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो, चार-पाच किलो भरतो, आणि निगा नीट राहिली तर पंधरा ते वीस वर्षं जगतो. शाळकरी मुलाने हट्ट करून आणलेला इग्वाना तो मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागतो तेव्हाही घरातच असतो. तोवर त्याचं सगळं आईकडे आलेलं असतं. म्हणून हा निर्णय मुलाचा नसतो, सगळ्या घराचा असतो, आणि तो पिल्लू दारात येण्याआधी घ्यायचा असतो.

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरसारख्या गावात याला जोडूनच एक समजूत तयार होते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचं हे गाव, दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर किल्ला, आणि मे महिन्यात ४५ अंश ओलांडणारा पारा. सरड्याच्या जातीला ऊन लागतं म्हणतात, मग ऊन तर इथे हवं तेवढं आहे! ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि इग्वाना मरतात ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ज्याला शास्त्रीय नाव दिलं तो हा प्राणी मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या मध्यापर्यंतच्या दमट जंगलांतला. त्याचं आयुष्य नदीकाठच्या झाडांच्या शेंड्यांवर जातं. धोका दिसला की तो फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो आणि शेपटीच्या वळशांनी पोहत निघून जातो. तिथली हवा गरम असते, पण ओलीही असते. बाळापूरची मे महिन्यातली दुपारची हवा गरम आणि इतकी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल बघता बघता वाळतो. इग्वानाला साधारण ७० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. वऱ्हाडातल्या उन्हाळी दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते.

या कोरडेपणाचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, आणि घात तिथेच होतो. इग्वाना वाटीतलं पाणी फारसं पीत नाही. पानांवरचे थेंब आणि पानांतला रस हेच त्याचं मुख्य पाणी. कोरड्या हवेत शरीर हळूहळू आटत जातं, आणि त्याचा सगळा भार मूत्रपिंडांवर येतो. पाळलेल्या प्रौढ इग्वानांच्या मृत्यूचं एक मोठं कारण मूत्रपिंडं निकामी होणं हेच असतं. दुसरी खूण बोटांवर दिसते. कात टाकताना कोरडी पडलेली कातडी बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाभोवती दोऱ्यासारखी आवळून राहते, रक्त पोहोचत नाही आणि तो भाग काळा पडून गळतो. काळं पडलेलं शेपटीचं टोक पाहून मालकाला वाटतं कुठे तरी आपटलं असेल.

यावर उपाय मात्र वऱ्हाडातल्या घराघरांत आधीपासून आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असलेली खोली मे महिन्यात ३०-३२ अंशांवर येते आणि हवाही ओलसर होते. म्हणजे भर उन्हाळ्यात बाळापुरातला इग्वाना आपल्या मूळ जंगलाच्या सगळ्यात जवळ असतो तो गच्चीवर नव्हे, तर कूलरच्या खोलीत. फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि पिंजऱ्याच्या एका वरच्या कोपऱ्यात ३५ ते ३८ अंश तापणारा दिवा हवा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं. ते एक पिंजऱ्यात वर आणि एक खाली लावावं. सकाळ-संध्याकाळ पानांवर आणि फांद्यांवर पाण्याचा फवारा मारावा. भाजी धुऊन निथळू न देता ओलीच द्यावी.

हिवाळ्याचा प्रश्न उलटा आहे. डिसेंबर-जानेवारीत अकोल्याकडे रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. इग्वानाला रात्रीही २३-२४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. गारठ्याने त्याचं काय होतं हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाने जगाला दाखवलं आहे. तिथे पाळीव म्हणून आणलेले आणि सोडून दिलेले इग्वाना रानात वाढले आहेत. २१ जानेवारी २०२० रोजी मायामीच्या हवामान खात्याने लोकांना चक्क इशारा दिला, की रात्री झाडांवरून इग्वाना पडले तर दचकू नका. थंडीने त्यांचे स्नायू आखडतात आणि फांदीची पकड सुटते. त्यातले बरेचसे ऊन चढल्यावर पुन्हा चालू लागतात, पण पिंजऱ्यात रात्रीमागून रात्री गारठणारा प्राणी असा सावरत नाही, तो आजारी पडतो. रात्रीच्या उबेसाठी प्रकाश न देता उष्णता देणारा सिरॅमिक हीटर लागतो. तो जाळीआड असावा, कारण इग्वाना गरम वस्तूला चिकटून बसतो आणि पोट भाजल्याचं त्याला उशिरा कळतं. शिवाय वीज जाते तेव्हाची सोय आधी करून ठेवायला हवी.

उष्णतेइतकाच प्रकाशही महत्त्वाचा. सूर्यप्रकाशातल्या अतिनील ‘बी’ किरणांमुळे इग्वानाच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्यावाचून अन्नातलं कॅल्शियम हाडांपर्यंत जात नाही. ही किरणं खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेच्या पेटीत, काचेच्या खिडकीशी, रोज ‘उन्हात’ ठेवलेल्या पिल्लाची हाडं म्हणूनच मऊ होतात. जबडा रबरासारखा दबतो, मांड्या सुजतात आणि त्या सुजेलाच घरचे लोक बाळसं समजतात. मग अंगाला कंप सुटतो. बाजारातली अतिनील नळी हा उपाय आहे, पण तिचा उजेड तसाच दिसत राहिला तरी किरणं सहा महिने ते वर्षभरात ओसरतात, म्हणून ती बदलावी लागते. याबाबतीत वऱ्हाड खरंच भाग्यवान आहे. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर सकाळचं थेट ऊन इथे फुकट मिळतं. गच्चीवर जाळीचा पिंजरा, त्याचा निम्मा भाग सावलीत, आणि शेजारी माणूस, एवढं पुरतं. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नये. ती भट्टी होते आणि आतला प्राणी काही मिनिटांत जातो.

आता पोट. इग्वाना शाकाहारी आहे, आणि त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव पानं आंबवून त्यातून त्याला पोषण देतात. हे सूक्ष्मजीव जन्मतः नसतात. कॅथरिन ट्रॉयर या संशोधिकेने पनामातल्या इग्वानांवरचं काम १९८२ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. अंड्यातून निघालेली पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या इग्वानांच्या जवळ जातात आणि त्यांची विष्ठा खाऊन हे सूक्ष्मजीव मिळवतात, असं तिने दाखवलं. आंबवण्याची ही क्रिया अंग चांगलं गरम असतानाच चालते. दिवा बंद असलेल्या पेटीत पोटभर खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो.

जुन्या पुस्तकांत अंडं, कीटक, मांजरीचं खाद्य द्यायला सांगितलेलं सापडतं. ते साफ टाळावं. प्राणिज प्रथिनं मूत्रपिंडांना सोसत नाहीत. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, थोडा लसूणघास, किसलेला लाल भोपळा, अधूनमधून पपईची फोड, एवढं सगळं बाळापूरच्या बाजारात किंवा परसात मिळतं. पालक, चुका, घोळ यांत ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून या भाज्या रोजच्या नकोत. कोबीही क्वचितच. अळू आणि कण्हेर घरात कुंडीतसुद्धा त्याच्या तोंडाशी येऊ नयेत.

वऱ्हाडात आणखी एक काळजी घ्यावी लागते, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावरचा पाला आणू नये. हंगामात कपाशीवर कीटकनाशकांच्या किती फवारण्या होतात हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली होती. पाच किलोच्या पालेखाऊ प्राण्याला तर ओंजळभर पानंही भारी पडतील.

प्राणी कुठून येतो, हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईच्या विमानतळावर शोभेच्या माशांच्या नावाखाली मलेशियातून आलेला माल उघडला, तेव्हा त्यात अजगर, कासवं, सरडे, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. ११७ वाटेतच मेले होते. हिरवा इग्वाना ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा जाती भारतातही कायद्याच्या कक्षेत आणल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी ताब्यात आला की नोंद, दुसऱ्याला दिला की नोंद, मेला की नोंद. कागद न देणाऱ्या दुकानदाराकडून पिल्लू घेणं म्हणजे त्या माशांच्या खोक्यांना गिऱ्हाईक पुरवणं होय.

कायद्याची आणखी एक बाजू अशी, की शेजाऱ्यांना इग्वाना घोरपड वाटू शकतो. बाळापूरच्या शेतशिवारात दिसते ती घोरपड, आणि तिचा इग्वानाशी काही संबंध नाही. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली, खाणं मांस आणि अंडी. इग्वानाची जीभ जाड, कानाखाली ताटलीसारखा एक मोठा गोल खवला, पाठीवर काट्यांची रांग. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडलं, पाळलं किंवा मारलं तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. म्हणून इग्वाना पाळणाऱ्याने शेजाऱ्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलेला बरा, आणि नोंदणीचा कागद हाताशी ठेवावा.

खोक्यांतून, पिशव्यांतून, दुकानांतून फिरलेला इग्वाना घरात येतो तेव्हा माणसाच्या हाताबद्दल त्याचं मत बनलेलं असतं, आणि ते चांगलं नसतं.

इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे मधोमध, एक फिकट खवला दिसतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो, आणि वरून सावली पडली की प्राणी दचकतो. रानात वरून येते ती घार किंवा ससाणा. पेटीचं झाकण उघडून वरून उतरणारा हात त्याच्या दृष्टीने तोच असतो. विश्वासाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. पिंजऱ्याचं दार समोरून उघडणारं हवं, पिल्लाचा पिंजरा माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा, आणि हात नेहमी बाजूने, खालच्या पातळीवरून, त्याला दिसेल असा यावा. प्रौढाचा पिंजरा सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल असावा, आत माणसाच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या. माणसाकडे खालून वर बघावं लागणारा इग्वाना कायम धास्तावलेला राहतो.

मिशेल कबानाक या कॅनडातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने इग्वानांना हळुवारपणे हाताळून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके वाढले. बाहेरून प्राणी शांत बसलेला, आतून धडधडत असलेला. मार्टा बालाश्को आणि कबानाक यांनी १९९८ मध्ये आणखी एक प्रयोग केला. उबदार कोपऱ्यात रोजचं खाणं ठेवलं आणि थंड टोकाला त्यांचं आवडतं सॅलडचं पान. थंडी वाढवत नेली तशी इग्वानांनी पानाकडे जाणं कमी केलं. आवडीचं खाणं आणि ऊब यांचा हिशेब हा प्राणी मांडतो आणि निवड करतो. विश्वास मिळवणाऱ्याने हे दोन्ही प्रयोग ध्यानात ठेवावेत. ज्याचं अंग गार आहे, ज्याला चढायला जागा नाही, जो आतून सुकलेला आहे, त्याला गोंजारून काही साधत नाही. आधी दिवा, पाणी, पाला, उंची, मग हात.

पहिले दोन आठवडे त्याला हात लावूच नये. पिंजऱ्याच्या दोन बाजू कापडाने झाकाव्यात, आत पानांचा आडोसा ठेवावा. माणसाने रोज ठरलेल्या वेळी शेजारी बसावं, पेपर वाचावा, भाजी निवडावी, फोनवर बोलावं. त्याच्याकडे टक लावून बघू नये. रोखलेली नजर शिकाऱ्याची असते. अंगातला घामेजलेला जुना सदरा पिंजऱ्यात ठेवावा. इग्वाना जिभेचं टोक वस्तूला लावून वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. जीभ पुन्हा पुन्हा बाहेर येऊ लागली, की समजावं की तो पळण्याऐवजी चौकशी करतो आहे.

मग जास्वंदीचं लाल फूल. लाल-पिवळ्या रंगांकडे तो लवकर वळतो. फूल आधी ताटलीत, मग ताटलीच्या काठाशी धरलेल्या बोटांत, मग हातात. ज्या दिवशी घेत नाही त्या दिवशी फूल ठेवून निघून जावं. हातावरचं फूल घेऊ लागल्यावर खांद्यावर एका बोटाचा स्पर्श करून हात काढून घ्यावा. तो विरोध करण्याआधी थांबायचं असतं. त्याने अंग आडवं फुगवलं, गळ्याची झालर ताणली आणि शेपटी कमानीसारखी मागे घेतली, तर पुढचा क्षण फटक्याचा असतो. त्या शेपटीने कातडीवर वळ उठतो. शेपटी धरून तर कधीही उचलू नये, ती तुटून हातात राहते. नवी उगवते, पण आखूड आणि काळपट.

जुने जाणते लोक सांगतात, की तो तडफडेपर्यंत घट्ट धरून ठेवा, थकला की माणसाळतो. हा सल्ला वाईट आहे. थकून गप्प झालेला प्राणी हरलेला असतो. आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते ती डोळ्यांची. हाताळताना इग्वाना डोळे मिटतो, लोक फोटो काढतात आणि म्हणतात, किती सुखावलाय बघा. पुष्कळदा तो नको असलेलं जग बाहेर ठेवत असतो. खरी खूण दार उघडल्यावर दिसते. दार उघडं ठेवून हात फांदीच्या टोकाशी टेकवला, आणि त्याला मागे जायला मोकळी वाट असतानाही तो पुढे येऊन हातावर चढला, तर ती त्याची निवड आहे. काहींना याला काही महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त.

प्रौढ नर दरवर्षी विणीच्या हंगामात बदलतो. अंगावर नारिंगी छटा चढते, डोकं वरखाली हलवणं वाढतं, खाणं कमी होतं, आणि काल खांद्यावर बसणारा आज चावायला धावतो. त्याचे दात लहान, पण करवतीसारखे धारदार असतात; टाके पडू शकतात. या काळात आरसे झाकावेत, कारण प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो. मुलांना दूर ठेवावं आणि हाताळणं थांबवावं. हंगाम ओसरला की तो पूर्ववत होतो. याच काळात कंटाळून इग्वाना नदीकाठी सोडून देण्याचा मोह होतो. तसं अजिबात करू नये. मन नदीकाठच्या कोरड्या उन्हात तो मरेल, आणि जिथे सोडलेले इग्वाना जगतात तिथे काय होतं हे तैवान आणि थायलंड भोगत आहेत. थायलंडच्या लोपबुरीत २०२३ मध्ये सरकारला पाळीव म्हणून आलेल्या इग्वानांची धरपकड करावी लागली. सांभाळणं जमत नसेल तर वन विभागाला कळवावं.

घरात पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर आणखी सावध राहावं. निरोगी इग्वानाच्या आतड्यातही साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. नाकातून शिंकून पडणारे पांढरे कण मात्र आजाराचे नसतात. जादा मीठ तो असंच बाहेर टाकतो.

या सगळ्या महिन्यांच्या मेहनतीचा खरा उपयोग आजारपणात होतो. इग्वाना दुखणं लपवतो, म्हणून महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहावं. तराजूवर चढणं, पंजा हातात देणं, सुती अभ्र्यात शिरून बसणं हे त्याला फुलाच्या आमिषाने शिकवता येतं. बाळापूरहून अकोला पंचवीस-तीस किलोमीटर. तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, पण सरीसृप हाताळलेला डॉक्टर कोण, हे आधीच फोन करून विचारून ठेवावं. थंडीत जाताना अभ्र्यासोबत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी, उन्हाळ्यात पहाटे निघावं. हात ओळखणारा इग्वाना टेबलावर बसून रक्त काढू देतो. न ओळखणाऱ्याला आधी भूल द्यावी लागते, आणि मूत्रपिंडं थकलेल्या शरीराला ती भूलच धोक्याची असते.